पहिल्यांदाच पूर्ण भूल घेताय? आत गेल्यावर नेमकं काय काय होतं ते सांगते

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३४, दुसरा आजार नाही, पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून पित्ताशय काढायचंय, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल झाली त्यामुळे आजवर ऑपरेशन थिएटरचं तोंडही पाहिलेलं नाही, आणि भीती ऑपरेशनची नाहीये, भुलीची आहे. भूल चढताना कसं वाटतं, मध्येच जाग आली तर काय, आणि उठलेच नाही तर काय.

मी भूलतज्ज्ञ आहे, सांगली-मिरज भागात बरीच वर्षं हेच काम करते, आणि हे तीन प्रश्न न विचारणारा पेशंट विरळाच, काहीजण तोंडाने विचारतात आणि काहीजणांचा हात धरला की तो बर्फासारखा गार लागतो त्यावरून कळतं.

तर ताई, आधी सरळ उत्तर देते. भूल चढणं हे अर्ध्या-एक मिनिटाचं काम आहे आणि त्यातलं तुम्हाला नंतर दहा-पंधरा सेकंदांचं आठवेल, तेही आठवलं तर. हाताची थोडी जळजळ आणि मास्कमुळे काहींना वाटणारी घुसमट सोडली तर त्रास होत नाही. तुम्हाला खरं जे जाणवणार आहे ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं, आणि नेमकं त्याबद्दलच कुणी नीट सांगत नाही म्हणून जरा लांबण लावते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा त्याआधी भुलीच्या डॉक्टरांना भेटायला मागा. आपल्याकडे छोट्या नर्सिंग होममध्ये आम्ही फोन आला की जातो, एका दिवसात तीन-चार ठिकाणी, त्यामुळे पुष्कळदा पेशंट आणि आमची पहिली भेट ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच होते, आणि मला हे अजिबात पटत नाही. फिजिशियनने फिटनेस दिला म्हणजे झालं असं लोक समजतात पण आमची तपासणी वेगळी असते. मी पेशंटला तोंड मोठं उघडायला लावते, तीन बोटं उभी जातात का बघते, जीभ बाहेर काढायला सांगते, मान मागे जाते का, दात कुठला हलतोय का, कॅप बसवलीय का, कारण झोपवल्यावर मला तुमच्या घशातून श्वासनलिकेत नळी घालायची असते आणि ती कशी जाईल याचा अंदाज आधीच घ्यावा लागतो. आपल्या भागात मिश्री, मावा, गुटखा यांनी कितीतरी लोकांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. बायका मिश्रीचं सांगत नाहीत, सासू नाहीतर नवरा शेजारी उभा असतो म्हणून. मी नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारते. जे काय असेल ते सांगा, मिश्री, दारू, झोपेच्या गोळ्या, वजन कमी करायची इंजेक्शनं (ही नवी इंजेक्शनं घेतली की पोट उशिरा रिकामं होतं, आम्हाला माहीत असायलाच हवं), घोरणं, दमा. घरात कुणाला भुलीचा मोठा त्रास झाला होता का हेही आठवून सांगा, कारण काही दुर्मिळ त्रास रक्तातच असतात आणि माहीत असेल तर ते औषध टाळता येतं. आमच्याकडून कुणी ओरडत नाही आणि बाहेर कुणाला कळत नाही.

आता उपाशी राहण्याचं. जेवण आणि दूध कमीत कमी ६ तास आधी बंद, तेलकट-तुपकट खाल्लं असेल तर ८ तास, आणि नुसतं पाणी साधारण २ तास आधीपर्यंत चालतं, पण तुमचे डॉक्टर जी वेळ सांगतील तीच धरा. दुधाचा चहा हा पाण्यात मोडत नाही हो, तो दुधात मोडतो. सकाळी "घोटभरच घेतला" असं म्हणणारे रोज भेटतात, आणि ऑपरेशन रद्द होईल म्हणून लपवणारेही भेटतात, त्यांची मला जास्त काळजी वाटते. भूल चढली की ठसका लागणं, खोकणं ही घशाची राखण थांबते, आणि पोटातलं वर आलं तर सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. घेतला असेल तर सांगून टाका, आम्ही थोडं थांबतो, वेळ पुढे ढकलतो, इतकंच. बीपीच्या, शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं तेही आदल्या दिवशीच विचारून घ्या, काही चालू ठेवायच्या असतात काही बंद, स्वतःच्या मनाने करू नका.

सकाळी गाऊन घालायला देतात, दागिने काढायला सांगतात. मंगळसूत्र आणि बांगड्यांपाशी बऱ्याच जणी अडतात, त्यांचं मन दुखतं हे मला कळतं, पण ऑपरेशनमध्ये रक्तस्राव थांबवायला विजेचं उपकरण वापरतात आणि अंगावरच्या धातूपाशी भाजायची शक्यता असते, शिवाय हात सुजला तर बांगडी रुतते. घरच्या माणसाच्या हातात देऊन ठेवा. निदान एका बोटाचं नेलपेंट काढा, कारण बोटाला जो चिमटा लावतो तो नखातून प्रकाश टाकून रक्तातला ऑक्सिजन मोजतो.

आत गेल्यावर पहिली जाणवते ती थंडी. अंगावर पातळ गाऊन, वरून एसी, आणि टेबल अरुंद, इतकं अरुंद की हात ठेवायला बाजूला वेगळ्या फळ्या लावतात. पांघरूण मागा, संकोच करू नका. डोक्यावर मोठे गोल दिवे, कुठेतरी स्टीलच्या ट्रेचा खणखणाट, सिस्टर आणि मामा (वॉर्डबॉय) आपापल्या कामात, आणि तुम्हाला वाटेल आपल्याकडे कुणाचं लक्षच नाहीये. लक्ष असतं. तुमचं नाव काय, कशाचं ऑपरेशन आहे, शेवटचं कधी खाल्लं, कसली ॲलर्जी आहे का, हे एकच प्रश्न दोन-तीन माणसं विचारतील, वॉर्डात सांगितलं होतं की असं म्हणून वैतागू नका, ती मुद्दाम ठरवलेली पद्धत आहे, नावाची आणि ऑपरेशनची गफलत होऊ नये म्हणून.

मग छातीवर गार चिकट पट्ट्या लावतात ईसीजीच्या, दंडाला बीपीचा पट्टा, आणि तो पहिल्यांदा फुगताना इतका आवळतो की दंड सुन्न होईल असं वाटतं, लगेच सैल होतो. बोटाच्या चिमट्यामुळे मॉनिटरवर टिक टिक सुरू होते, ते तुमच्याच नाडीचे ठोके. त्या आवाजात एक गोष्ट असते जी बाहेरच्यांना माहीत नसते: रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की त्या टिकटिकीचा सूर खाली उतरतो. त्यामुळे मी औषध भरत असले, तुमच्याशी बोलत असले, मॉनिटरकडे पाठ असली तरी कान तिथेच असतो. बहुतेक भूलतज्ज्ञांचा असतो, वर्षानुवर्षांची सवय होते ती.

यानंतर सलाईनच्या सुईतून एकेक औषध जातं, आणि प्रत्येकाचं काहीतरी वेगळं जाणवतं. एका औषधाने तोंड सुकतं आणि छातीत धडधडल्यासारखं वाटतं, लाळ कमी व्हावी म्हणून ते देतात, ती धडधड भीतीची समजू नका. मग गुंगीचं आणि दुखणं मारणारं. हे दुखणं मारणारं, म्हणजे फेंटानिल, दिलं की काहींना एकदम ठसका लागतो, दोन-चार वेळा खोकून थांबतो, आणि मग डोकं हलकं होतं, छत जरा फिरतं, अंगात ऊब आल्यासारखी वाटते, ज्या बाईचे मघापासून दात आवळलेले असतात ती या टप्प्यावर मोठा सुस्कारा सोडते आणि खांदे खाली येतात. मला तो क्षण बघायला आवडतो. बऱ्याच जणींना यापुढचं काही आठवत नाही, कारण गुंगीच्या औषधाने त्या वेळच्या आठवणीच नीट साठत नाहीत, जागे असतात, बोलत असतात, पण नंतर विचारलं तर कोरी पाटी.

मास्क तोंडावर येतो. त्यात नुसता ऑक्सिजन असतो पण प्लास्टिकचा वास येतो आणि काहींना घुसमटल्यासारखं वाटतं. तसं वाटलं तर बोला, मी मास्क थोडा वर धरते, किंवा तुमच्याच हातात देते. दोन-तीन मिनिटं शांतपणे मोठे श्वास घ्यायचे असतात, त्यात फुफ्फुसं ऑक्सिजनने भरून घेतो, म्हणजे भुलीच्या औषधांनी तुमचा श्वास थांबल्यावर नळी घालेपर्यंत हाताशी साठा असतो. हे एवढं काम तुमच्याकडून नीट झालं तर तुम्ही मला फार मोठी मदत केलीत असं समजा.

आणि मग ते पांढरं औषध, प्रोपोफॉल. दुधासारखं दिसतं कारण ते सोयाबीनच्या तेलात मिसळून बनवतात. हे जाताना सुईच्या जागेपासून हातभर जळजळतं, कधी कधी चांगलंच, आधी बधिर करणारं औषध देऊन आम्ही ते कमी करतो पण पूर्ण जाईलच असं नाही. मी दरवेळी सांगते, "आता हात थोडा चुरचुरेल, घाबरू नका, झोप आली की येऊ द्या." जळजळ लक्षात येतेय तोवर आवाज लांब जातात, दिव्यांच्या कडा पुसट होतात, जांभई येते, डोळे जड, आणि संपलं. शंभरपासून उलटं मोजायला सांगितलं तर कुणी नव्वदपर्यंत पोचलेलं मला आठवत नाही.

मी स्वतः हे घेतलंय, ॲपेंडिक्सच्या वेळी. मला सगळं माहीत होतं, कुठलं औषध कितव्या सेकंदाला काय करतं ते पाठ होतं, तरी पोटात गोळा आलाच होता. लक्षात काय राहिलं तर माझ्या सहकारी डॉक्टरचा उलटा चेहरा, कारण आम्ही डोक्याच्या बाजूला उभे राहतो आणि पेशंटला आमचं कपाळ खाली आणि हनुवटी वर दिसते, इतक्या वर्षांत हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि कपाळावर ठेवलेला तिचा हात. तेव्हापासून मीही पेशंटच्या कपाळावर हात ठेवते.

मधल्या काळाचं काय वाटतं? काहीच नाही, आणि हे "काहीच नाही" आधी समजावून सांगणं अवघड आहे. झोपेतून उठल्यावर आपल्याला कळतं की बराच वेळ गेला, रात्र सरली. भुलीत तसं होत नाही. एक तास गेला काय आणि चार तास गेले काय, एका क्षणाला पुढचा क्षण येऊन चिकटतो. पट्टी बांधून झालेली असते आणि पेशंट मला विचारतो, "मॅडम, कधी सुरू करणार?" हे वारंवार होतं. मेंदूच्या लहरी बघितल्या तर खोल भूल ही झोपेपेक्षा कोमाच्या जवळची असते, फरक इतकाच की ती आमच्या हातात असते आणि औषध बंद केलं की ओसरते.

आणि इथेच तुमच्या दोन्ही भीतींचं उत्तर आहे. लोकांना वाटतं एक इंजेक्शन देतात आणि ते तासभर पुरतं, म्हणून मध्येच संपलं तर काय, आणि जास्त झालं तर काय. खरं तर प्रोपोफॉलचा एक डोस पाच-दहा मिनिटांतच उतरतो. त्यानंतर तुम्ही झोपून राहता ते श्वासातून सतत दिलेल्या वाफेवर, सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन, नाहीतर पंपातून थेंब थेंब चाललेल्या औषधावर. ऑपरेशन लांबलं तर आम्ही चालू ठेवतो, आटोपत आलं की कमी करतो, बंद करतो, श्वासावाटे ते बाहेर पडतं आणि तुम्ही जागे होता. पूर्ण वेळ मी तिथेच असते, ऑपरेशन संपेपर्यंत भुलीचा डॉक्टर पेशंटपाशीच असला पाहिजे हा नियमच आहे. तुमच्या बाबतीत तर पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, डोक्याकडची बाजू वर करून टेबल डाव्या कुशीला कलवतात, त्यात बीपी आणि श्वास दोन्ही बदलतात, ते बघून दर काही मिनिटांनी काहीतरी कमी-जास्त करावं लागतं.

मध्येच जाग येणं हे अशक्य आहे असं मी म्हणणार नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये हॉस्पिटलांमधून माहिती गोळा करून २०१४ साली मोठा अहवाल आला, त्यात साधारण १९,००० भुलींमागे एका पेशंटने अशी जाणीव झाल्याचं सांगितलं होतं, आणि त्यातली बहुतेक प्रकरणं भूल चढताना किंवा उतरतानाची होती, ऐन ऑपरेशनमधली कमी. तातडीचं सिझेरियन, खूप रक्तस्राव झालेला पेशंट जिथे जास्त भूल देणंच धोक्याचं असतं, अशा ठिकाणी हे जास्त घडतं. आधीच ठरलेलं पित्ताशयाचं ऑपरेशन त्यात येत नाही. आणि समजा भूल हलकी व्हायला लागली तर नाडी वाढते, बीपी वर जातं, डोळ्यात पाणी येतं, मशीनवर वाफेचं प्रमाण आकड्यात दिसत असतं, आम्हाला ते बऱ्याचदा आधीच कळतं.

उठलेच नाही तर? धोका शून्य आहे असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण धोका बहुतेक वेळा भुलीच्या औषधापेक्षा हृदय, फुफ्फुसं, किडनी किती धड आहेत, ऑपरेशन किती मोठं आहे आणि तातडीचं आहे का यावर ठरतो. तुम्ही ३४ वर्षांच्या, दुसरा आजार नाही, ठरवून करताय, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या गटात आहात.

विचारलं नाहीये तुम्ही, पण सांगून टाकते कारण मनात असतं: भुलीत माणूस गुपितं बडबडतो का? घशात नळी असते, बोलणार कुठून. उतरताना लोक थोडं असंबद्ध बोलतात, बहुतेक "झालं का", "पाणी द्या", "मुलगी आली का शाळेतून" एवढंच.

आता जागं होणं. माझ्या मते पेशंटला सगळ्यात जास्त माहिती इथली हवी, कारण इथे त्रास होतो आणि अचानक झाला की माणूस घाबरतो. आधी ऐकू येतं. कुणीतरी नावाने हाका मारतंय, डोळे उघडा, मोठा श्वास घ्या, मान उचला, माझा हात दाबा. डोळे उघडायचे असतात पण पापण्या ऐकत नाहीत. नळी याच वेळी काढतात, बहुतेकांना आठवत नाही, एखादीला घशातून काहीतरी सर्रकन गेल्याचं आणि मोठा खोकला आल्याचं आठवतं. भुलीत स्नायू सैल करायला दिलेल्या औषधाचा असर आम्ही दुसऱ्या औषधाने उतरवलेला असतो तरी हातपाय जड लागतात. नजर धूसर असते कारण डोळे पट्टीने बंद ठेवलेले असतात, बरेचदा मलमही घातलेलं असतं. घसा खवखवतो, दोन-तीन दिवस राहू शकतो. तोंडाला इतकी कोरड की जीभ टाळूला चिकटते, आणि पाणी मात्र लगेच मिळत नाही, ओठ ओले करून देतात.

हुडहुडी भरते, काहींना दात वाजेपर्यंत. भुलीत शरीर आपली ऊब राखू शकत नाही आणि ऑपरेशन थिएटर थंड, म्हणून. पांघरूण, गरम हवा, गरज पडली तर इंजेक्शन, थोड्या वेळात थांबते. काहीजणी रडतात, दुःख काही नसतं पण डोळ्यातून पाणी थांबत नाही, तेही औषधांचंच, लाजायचं काही कारण नाही. लघवीची नळी घातली असेल तर लघवीला लागल्याची जोराची भावना होते.

पित्ताशयाच्या दुर्बिणीत एक खास गोष्ट: खांदा दुखतो, जास्त करून उजवा. पोट कापलं आणि खांदा का दुखतोय, टेबलावरून पाडलं की काय असं एका आजींनी मला विचारलं होतं. पोटात उरलेला गॅस आणि ताणलेला पडदा, म्हणजे पोट-छातीमधला श्वासाचा स्नायू, त्याची नस मानेतून येते म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. उठून चालायला लागलं की दोन-तीन दिवसांत जातं. घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर रात्री हार्ट अटॅक समजून धावपळ होते. मात्र छातीत दाबल्यासारखं होऊन दम लागला किंवा घाम फुटला तर खांद्याचं दुखणं समजून बसू नका, लगेच दाखवा.

आणि मळमळ. हे मी ठासून सांगते: तुम्हाला गाडी लागत असेल, घाटात उलटी होत असेल, तर भुलीच्या डॉक्टरांना आधी सांगा. बाई असणं, सिगारेट न ओढणं, गाडी लागणं, नंतर अफूजन्य वेदनाशामक लागणं, या चार गोष्टींनी उलटीची शक्यता वाढते, आणि तुमच्यात दोन-तीन असण्याचा संभव आहे. आधी माहीत असलं की आम्ही उलटी थांबवणारी दोन वेगवेगळी औषधं देतो, भुलीची पद्धतही बदलता येते. उलटी झाल्यावर सांगितलं तर उपाय आहेच, पण ताज्या टाक्यांवर उलटीचा ताण कशाला.

दुखत असेल तर सांगा, सोसत बसू नका. आपल्या बायकांना सहन करायची फार सवय, सिस्टर विचारते तेव्हा "बरंय" म्हणतात आणि मूठ आवळलेली असते. दुखल्यामुळे श्वास उथळ घेतला जातो, खोकला दाबला जातो, छातीत कफ साठतो.

घरच्यांना एक सांगा. डॉक्टर म्हणाले तासाभराचं ऑपरेशन, आणि दोन-अडीच तास झाले तरी बाहेर आणलं नाही, तर बाहेर बसलेल्यांच्या काळजाचं पाणी होतं. तो तास सर्जनचा असतो. आधी भूल देणं आणि नंतर शुद्धीवर आणून रिकव्हरीत थांबवून ठेवणं यात आणखी वेळ जातो.

त्यानंतर २४ तास गाडी चालवायची नाही, गॅसपाशी एकटीने उभं राहायचं नाही, कुठल्या महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. तुम्हाला एकदम ताजंतवानं वाटेल तरीही नाही, कारण डोकं किती मंद चालतंय हे आपलं आपल्याला कळत नाही. बाळ अंगावर पीत असेल तर तेही आधी विचारून ठेवा, बहुतेक वेळा पूर्ण जाग आली की पाजता येतं.

आणि डिस्चार्जच्या वेळी भुलीच्या कागदाची झेरॉक्स मागून घ्या. त्यावर कुठली औषधं दिली, नळी सहज गेली की अवघड, काही त्रास झाला का, सगळं लिहिलेलं असतं. लोक फक्त सर्जनचा कागद आणि बिल घेऊन जातात, आणि पाच वर्षांनी दुसऱ्या गावात दुसऱ्या ऑपरेशनला माझ्यासारखी कुणी विचारते की मागच्या वेळी भूल कशी गेली, तेव्हा "बरी गेली" एवढंच सांगता येतं.